६० मीटरवर २२० केव्हीची लाइन: भ्यायचं ते कशाला?

तुमचा प्रश्न असा की कराडजवळ एनए प्लॉट पसंत पडलाय, भावही परवडतोय, पण साठेक मीटरवरून २२० केव्हीची लाइन जाते आणि 'तिथं राहिलं की पोरांना कॅन्सर होतो' असं मामांनी वहिनींच्या डोक्यात भरवलंय. अंतर खरंच ६० मीटर असेल, तर कॅन्सरच्या धास्तीनं प्लॉट सोडू नका. मात्र तेवढं आहे का, हे आधी स्वतः टेप लावून बघा.

मामा अगदीच हवेत बोलत नाहीयेत. १९७९ साली अमेरिकेतल्या डेनव्हरमधला एक अभ्यास आला आणि तारांजवळच्या घरांत मुलांच्या ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, चर्चा सुरू झाली. पुढे २००० साली बऱ्याच देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा घरातलं सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या (हे त्या क्षेत्राचं माप) वर असलेल्या मुलांत हा आजार दुपटीच्या आसपास दिसला. अशी मुलं शेकडा एकसुद्धा नव्हती. त्यावरून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. त्याच गटात आज कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि तो आपल्याकडे लोक कौतुकानं पितात. या क्षेत्रानं कॅन्सर नेमका कसा होतो, हे मात्र कुणाला दाखवता आलेलं नाही. ५० हर्ट्झच्या क्षेत्रात डीएनए तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. ब्रिटनमध्ये तर जुन्या दशकांत दिसलेली वाढ १९८० नंतर दिसेनाशी झाली, तारा होत्या तिथंच होत्या.

चुंबकीय क्षेत्र व्होल्टेजवर नाही, करंटवर ठरतं आणि अंतरानं झपाट्यानं उतरतं. २२० केव्हीच्या बरोबर खाली ते काही मायक्रोटेस्ला असतं, ६० मीटरवर त्याचा लहानसा अंश उरतो. सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्लाची आहे. तरी मनाला लागलंच असेल, तर बाळाचा पाळणा मीटर बोर्डाच्या किंवा डीपीकडच्या भिंतीला लावू नका. फुकटात होणारी गोष्ट आहे.

आता मोजायचं कसं. एजंट टॉवरच्या पायापासून मोजून दाखवतो. तुम्ही सगळ्यात बाहेरच्या तारेच्या खालून मोजा, तेही दोन टॉवरच्या मधोमध, कारण तिथंच तार वाऱ्यानं जास्त झुलते. मे महिन्याच्या दुपारी लोड आणि ऊन दोन्ही असताना झोळही वाढतो, जानेवारीत बघितलेली उंची तेव्हा राहत नाही. २२० केव्हीच्या लाइनखाली मोकळा ठेवायचा पट्टा साधारण ३५ मीटरचा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेसतरा. त्यात बांधकाम नाही. 'लाइन शिफ्ट होणार आहे' असं कुणी म्हणालं, तर महापारेषणचं, म्हणजे या मोठ्या लाइन सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीचं, पत्र मागा.

लाइनच्या खाली मात्र गंमत वेगळी असते. आमच्या तासगाव-पलूसकडं द्राक्षबागेच्या मांडवावरून लाइन गेली असेल, तर थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) आलेल्या बायका तारेला हात लावताच झटका बसला म्हणून ओरडतात. वरून करंट गळत नाही. जमिनीपासून सुटी असलेली मांडवाची लांब तार लाइनच्या विद्युत क्षेत्रात चार्ज होते आणि माणसाचा हात लागला की तो चार्ज त्याच्यातून जमिनीत जातो. मांडवाच्या तारांना नीट अर्थिंग केलं की प्रकार बंद. लाइनखालच्या पत्र्याच्या शेडला आणि तारेच्या कंपाउंडलाही हेच लागू. ऊस असेल तर त्या पट्ट्यातला फड पेटवून तोडू नका. जाळ आणि धूर तारांपर्यंत गेला की लाइन ट्रिप होते, खाली उभ्या माणसाच्या जिवावरही बेतू शकतं.

माझं निम्मं आयुष्य लाइनच्या कामात गेलं. माणसं दगावताना ऐकली ती मोठ्या टॉवरमुळं क्वचितच, बहुतेक रस्त्याकडेच्या ११ केव्हीमुळं. स्लॅबच्या वेळी सळई उभी केली, गॅलरीतून ओली काठी बाहेर काढली, वरच्या मजल्याला परांची बांधली. ११ केव्हीला इमारतीपासून आडवं किमान १.२ मीटर आणि वर ३.७ मीटर अंतर हवं. मूळ घर नियमात बसतं, मग पुढे काढलेली गॅलरी बसत नाही. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, १९१२ ला फोन करा. तुम्हीच जवळ असाल तर पाय न उचलता, घासत घासत मागे सरा.

तुम्ही टॉवरचा फोटो टाकलाय, प्लॉटसमोरच्या खांबांचा नाही. तो टाका, शक्यतो रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे गॅलरी कुठवर घ्यायची ते सांगता येईल.