पोळी सोडण्याआधी रक्त तपास

अगं, पोट बिघडतंय म्हणून लगेच पोळी बंद करू नकोस. आधी सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी कर. गहू सोडल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात? मग अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडेच जा.

दीडदोनशे पदार्थांविरुद्धच्या आयजीजी अँटीबॉडी रक्तात मोजणाऱ्या पॅनलवर मात्र एक रुपया घालू नकोस. एखादा पदार्थ त्यात पॉझिटिव्ह आला, तर तो तुझ्या खाण्यात आहे, एवढंच कळतं. तसल्या रिपोर्टवरून मी डाळीसुद्धा सोडल्या. वजन उतरलं, पोट तसंच.

कांदा-लसणाचा संशय असेल तर चार आठवडे बंद ठेव, मग एकेक परत आणून बघ, वहीत लिही. मिसळीवरचा कच्चा कांदा नकोच. फोडणीत लसूण परतून काढून टाक. त्रास देणारं फ्रुक्टान (कांदा-लसणातलं एक कर्बोदक) तेलात उतरत नाही, वास उतरतो.