पदाच्या डोक्यावरची ‘चाल’

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी गाण्याच्या शिकवणीहून परतताना तू गाडीत एक प्रश्न विचारलास आणि मी रहदारीचे निमित्त करून गप्प बसलो. बाईंनी तुला बिहागातली ‘बालम रे मोरे’ ही बंदिश सांगितली होती आणि तुला तिच्यात माई आजीचे ‘मम आत्मा गमला’ ऐकू आले. ‘म्हणजे तुमचे ते नाट्यसंगीत ढापलेलेच की, बाबा!’ असे तू म्हणालीस. ‘ढापलेले’ हा शब्द मला लागला हे खरे. पण त्याहून अधिक लागला तो ‘तुमचे’. त्याच्याविषयी तूर्त काही लिहीत नाही.

तुझा कान बरोबर आहे. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले. पदे खाडिलकरांची होती आणि चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे खरे तर भास्करबुवांच्या गळ्यात आधीपासून मुरलेल्या बंदिशींच्या. त्या बंदिशींवर रुक्मिणीचे मराठी शब्द बसले आणि बालगंधर्वांनी ते गाइले. आमच्या मिरजेच्या घरात ही गोष्ट कोणी लपवत नसे, कारण ती लपवण्यासारखी आहे असे कोणाला वाटतच नसे. नानांच्या भिंतीतल्या कपाटात नाटकांच्या जुन्या पुस्तकांची चळत होती. पाने इतकी पिवळी आणि कडक झालेली, की उलटताना कोपरा हातात येई आणि नानांची नजर वर होई. त्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर, कंसात, बारीक टायपात राग आणि ताल छापलेला असे आणि पुढे ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. मला नुकते वाचता येऊ लागले होते तेव्हा मी समजत असे, की चाल म्हणजे पदाचे आडनाव.

त्याआधीच्या नाटकांत तर कधी मूळ गाण्याचे नावही नसे, नुसते ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ असे ठरलेल्या चालीच्या छंदाचे नाव, एवढेच असे. ‘सौभद्र’ १८८२ सालचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे प्रेक्षक कीर्तनात वाढलेले होते. दिंडी म्हटले की तिची चाल त्यांच्या ओठांवर आधीच असे आणि कान शब्दांसाठी मोकळा राही. अण्णासाहेब मूळचे धारवाडकडचे, त्यामुळे कानडी चालीही त्यांच्यासोबत आल्या. नाना कोणत्याही नाटकातली कोणतीही दिंडी न अडखळता म्हणून दाखवत, आणि मी विचारी, ‘नाना, ही तर कालचीच ना?’ त्यावर ते म्हणत, ‘तपेली कालचीच, दूध आजचे.’ उत्तर मला पटले होते की नुसते आवडले होते, हे आज सांगता येणार नाही.

सातवीत असताना आमच्या वाड्याच्या गणेशोत्सवातल्या मेळ्यासाठी मी एक पद लिहिले. त्या वर्षी गाजलेल्या एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर गणपतीचे वर्णन बसवले होते. उंदराला मात्रा कमी पडत असल्यामुळे त्याला ‘मूषकराज’ केले होते. वहीत शुद्ध अक्षरात उतरवून, खाली स्वतःचे नाव दोनदा अधोरेखित करून मी ती नानांपुढे ठेवली. नानांना चित्रपटगीतांचा मनापासून तिटकारा होता. त्यांनी पद वाचले, मग कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या पहिल्या ओळीच्या वर, कंसात, ‘चाल’ असे लिहून त्या गाण्याचे पहिले तीन शब्द लिहिले. एकही शब्द बरोबर आहे की नाही हे त्यांनी मला विचारले नाही, म्हणजे ते गाणे त्यांना पाठ होते! मग वही परत देत म्हणाले, ‘आता खाली नाव टाक, हवे तर तीनदा अधोरेखित कर.’

तुझ्या शाळेत दुसऱ्याचे वाक्य घेतले की खाली तळटीप द्यावी लागते. आमच्याकडे ती वर, डोक्यावर देत असत. एवढे लिहून मी थांबलो असतो, तर आपली बाजू छान मांडली असे मला वाटले असते.

परंतु त्या कंसात मूळ गाण्याचे शब्द असत. ते गाणे कोणी बांधले आणि ते कोणाच्या गळ्यातून आले, हे क्वचितच असे. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आला. नाटक गडकऱ्यांचे, पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि चाली मैफिलीत गाणाऱ्या सुंदराबाई जाधवांकडून मिळालेल्या. नाना ती पदे म्हणत तेव्हा गडकऱ्यांचे नाव निघे, बालगंधर्वांचे तर हात कानाला लावून निघे. सुंदराबाईंचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते महाविद्यालयात गेल्यावर. मैफिलीतल्या बायकांची ठुमरी आणि गझल रंगमंचावर आली, तेव्हा कुलीन घरांतही ती गायली जाऊ लागली. माईदेखील देवघरासमोर बसून ती म्हणे. मात्र ज्यांच्याकडून ती आली, त्यांना त्याच घरात कोणी पाटावर बसवले असते असे मला वाटत नाही. त्यामुळे तुझा शब्द मी पूर्णपणे परत करू शकत नाही. ‘ढापलेले’ मी म्हणणार नाही. पण उसने आणलेल्या भांड्यावरचे मूळ नाव घासून घासून पुसट व्हावे, तसे काहीसे झाले, हे मात्र कबूल करतो.

तू नाट्यसंगीत शिकलेच पाहिजेस असा माझा आग्रह नाही; या पत्रातून तसा आग्रह डोकावत असेल, तर तेवढा भाग सोडून दे. मात्र तुला सवड झाली आणि वाटले, तर शनिवारी माईला फोन लावून ती बंदिश ऐकव. तिचा श्वास आता पुरत नाही, तरी तुझी पहिली आवृत्ती संपण्याआधीच ती मधे शिरून पद सुरू करील. आणि पद संपल्यावर ती तुला बंदिश कोणाची असे हमखास विचारील, तेव्हा बाईंना आधी विचारून ठेव.

तुझा,
बाबा