१२ जानेवारीला काय काय असतं?

१२ जानेवारी म्हटलं की बाकी महाराष्ट्राला जिजाऊ जयंती आठवते (जन्म १५९८, सिंदखेडराजा) आणि विवेकानंद जयंती, म्हणजे राष्ट्रीय युवा दिन, पण आम्हा सोलापूरकरांना आधी चार हुतात्मे आठवतात की ओ. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर गाव असं पेटलं की इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि मग मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आडनावं परत एकदा वाचा, लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान, अख्खं सोलापूरच आलं त्यात. कुर्बान हुसेन तर 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे. रोज रिक्षावाल्याला 'चार पुतळा सोडा' म्हणतो आपण, ते पुतळे यांचेच, त्या दिवशी सकाळी हार असतात, दुपारपर्यंत उन्हानं झेंडूच्या कडा काळ्या पडतात.

त्यात नेमकी गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची गडबड, संक्रांत आलेली, सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघायचे, भोगीला त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, त्यामुळं गर्दीतल्या निम्म्यांना तारीख लक्षातच येत नाही, याचं मला दरवर्षी जरा वाईट वाटतं.

बाकी वाढदिवस म्हणाल तर प्रियंका गांधी (१९७२) आणि अ‍ॅमेझॉनवाला जेफ बेझोस (१९६४). कुमार गंधर्व गेले ते पण याच तारखेला, १९९२ ला, आणि मोगॅम्बो अमरीश पुरी २००५ ला. हैतीतला मोठा भूकंप २०१० चा, तोही १२ जानेवारीच.