उसळी बसली की योक पुढे दाबू नका

तुम्ही लिहिलंय की विमान उतरवायला शिकताना फायनल (रनवेच्या रेषेत येऊन केलेली शेवटची उतरण) छान जमते, चाकं टेकतात आणि विमान उसळतं. मग तुम्ही योक (नाक वर-खाली करणारं हँडल) पुढे करून नाक खाली दाबता आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी बसते. इन्स्ट्रक्टर म्हणतात फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूच वर उचलणं) उशिरा होतोय. नजर रनवेच्या टोकाला वगैरे सांगत बसत नाही, ते रोज कानावर पडतच असेल. मला विचाराल तर खरी गोम आधी वेगात आहे आणि मग उसळीनंतर हात काय करतो त्यात. (तुमचं विमान पाहिलेलं नाही. तुमचं हँडबुक आणि इन्स्ट्रक्टर यांचा शब्द शेवटचा.)

सेस्ना १७२एस, फुल फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची पाती पूर्ण खाली) आणि तरी ‘सुरक्षित वाटतं’ म्हणून ७५ नॉट. हँडबुकात ६० ते ७० आहे. ६५ च्या जागी ७५ म्हणजे ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश जास्त. त्यात जमिनीलगत ड्रॅग (हवेचा विरोध) घटतो, म्हणून विमान तरंगत राहतं. रनवे संपत चालला की जीव घाबरा होतो आणि आपण विमान बळेच टेकवतो. पंखांत लिफ्ट शिल्लक असते, नाक पुरेसं वर नसतं, त्यामुळे नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी आपटतं. स्ट्रट (चाकाचा धक्के झेलणारा दांडा) दबून नाक वर फेकतो, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) वाढतो आणि वेग उरलेलाच असल्याने विमान पुन्हा उडतं.

आता घात होतो तो इथे. नाक वर गेलेलं दिसलं की हात आपोआप योक पुढे दाबतो. पण आपली प्रतिक्रिया आणि विमानाचा प्रतिसाद यांत थोडा वेळ जातो. तुम्ही दाबलेलं नाक खाली येतं तेव्हा विमान आधीच खाली निघालेलं असतं. पुन्हा नोजव्हील, या वेळी जास्त जोरात. यालाच पॉर्पॉइजिंग म्हणतात. पुढच्या एक-दोन आपटण्यांत स्ट्रट तळाला लागतो, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) चुरगळते, प्रॉपेलरची टोकं डांबराला घासतात. प्रॉप घासला की इंजिन नुसतं सुरळीत चालतंय म्हणून सोडता येत नाही. लायकॉमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ५३३ काढून वाचा म्हणजे खर्चाचा अंदाज येईल.

उसळी फूट-दीड फुटाची असेल तर लँडिंगची पिच (नाकाचा कोन) धरून ठेवा, चिमूटभर पॉवर द्या आणि मेन व्हील्सवर (मागच्या दोन मुख्य चाकांवर) पुन्हा टेकू द्या. त्याहून मोठी असेल, किंवा क्षणभर जरी शंका आली, तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं. दुसऱ्या उसळीनंतर तर वादच नको. थ्रॉटल सलग पूर्ण पुढे आणि उजवा रडर (उजवं पेडल). लँडिंगला केलेल्या ट्रिममुळे (योकवरचा दाब हलका करणाऱ्या सेटिंगमुळे) नाक झपकन वर जाऊ पाहील, तेव्हा मात्र योकवर पुढे दाब हवा. फ्लॅप लगेच २० अंशांवर, वेग ६०, नीट चढू लागल्यावर बाकीचे. सगळे फ्लॅप एकदम उचललेत तर विमान खाली बसेल. बरेच जण नेमकं हेच विसरतात, कारण गो-अराउंडचा सराव फायनलवर ३०० फुटांवर करतात, उसळीच्या उंचीवर नाही. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना तो रनवेच्या वर करून मागा.

थोडं विषयांतर. काही ठिकाणी डिस्पॅचच्या (विमान ताब्यात देण्या-घेण्याच्या) टेबलावरच सांगतात, “चालतंय ना विमान? मग टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोष-नोंदवहीत) कशाला लिहिता?” मला याची भयंकर चीड आहे. नोंद नसली की पुढचा विद्यार्थी अर्धी तुटलेली फायरवॉल घेऊन सोलोला (एकट्याने उडायला) जातो. जोरात आपटलं तर लिहाच, कोणी तोंड वाकडं केलं तरी. पुढचं विमान घेतानाही नोजगिअरच्या वरच्या पत्र्यावर सुरकुत्या, रिव्हेटभोवती काळा ओघळ, स्ट्रटवर तेल आणि अचानक जड झालेले रडर पेडल पाहा. यातलं काही दिसलं तर इंजिनिअरला बोलवा, स्वतः निकाल लावू नका.

क्रॉसविंडचं (आडव्या वाऱ्याचं) सध्या बाजूला ठेवा, दोन दुखणी एकत्र उपचाराला घेऊ नयेत.

आणि एक, क्षुल्लक वाटेल पण फरक पडतो: सीटची उंची दर वेळी तीच ठेवा. दोन बोटं खाली बसलात तरी क्षितिज कावलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) वर वेगळ्या जागी दिसतं आणि फ्लेअरचा अंदाज चुकतो. सीट रुळावर लॉक झाली का, ते टेकऑफआधी मागे-पुढे जोर लावून तपासा.