अमेरिकेच्या यादवी युद्धात केंटकी नेमकं कोणाच्या बाजूने होतं?

तुम्ही विचारलंय की केंटकीत गुलामगिरी होती, तरी ते देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या गुलामगिरीवाल्या राज्यांकडे का गेलं नाही आणि युद्धात त्याचा वाटा काय. मी काही वर्षं सिनसिनाटीत राहत होतो. ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी लागतं, त्यामुळे सुट्टीत तिकडे भटकणं व्हायचं आणि या प्रश्नाने मलाही बराच काळ सोडलं नव्हतं.

केंटकी उत्तरेबरोबर राहिलं, पण गुलामगिरी मोडण्यासाठी नव्हे. 1860 साली तिथे साडेअकरा लाखांच्या आसपास वस्ती होती आणि त्यातली सव्वादोन लाख माणसं गुलाम होती. उत्तरेचे अध्यक्ष लिंकन आणि दक्षिणेचे जेफरसन डेव्हिस, दोघेही याच राज्यात जन्मले. तरी 1860 च्या निवडणुकीत लिंकनना इथे एक टक्काही मतं पडली नाहीत. बऱ्याच मालकांचा हिशेब असा होता की राज्यघटनेच्या छपराखाली राहिलो तरच गुलामांवरची मालकी शाबूत राहील. फुटलो तर ओहायो नदी ही परक्या देशाची सीमा होणार, आणि ती ओलांडलेला गुलाम परत कोण देणार?

लिंकनना मात्र हे राज्य काहीही करून हवं होतं. नकाशा समोर ठेवलात की कारण कळेल. टेनेसी आणि कंबरलंड या दोन्ही नद्या केंटकीतच ओहायोला मिळतात, आणि दक्षिणेच्या पोटात शिरायची वाट त्याच होत्या. केंटकी गेलं तर जवळजवळ सगळा डावच गेला, असं त्यांनी सप्टेंबर 1861 मध्ये एका पत्रात लिहिलं होतं.

मे 1861 मध्ये राज्याने तटस्थता जाहीर केली, ती चार महिने टिकली. सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेच्या जनरल पोकच्या फौजेने मिसिसिपीकाठचं कोलंबस घेतलं आणि लगोलग उत्तरेच्या जनरल ग्रँटने ओहायोकाठचं पदुका. आधी पाऊल टाकल्याचा ठपका दक्षिणेवर आला आणि विधिमंडळ उघडपणे उत्तरेकडे झुकलं. दक्षिणवाल्यांनी रसेलव्हिलला स्वतःचं वेगळं सरकार थाटलं. 4 ऑक्टोबर 1862 रोजी राज्याच्या राजधानीत, फ्रँकफर्टमध्ये, त्यांच्या गव्हर्नरचा शपथविधी झाला आणि उत्तरेची फौज जवळ आली म्हणून त्याच दिवशी पळावं लागलं. चार दिवसांनी पेरीव्हिलची लढाई झाली. दुष्काळाचे दिवस होते, दोन्ही फौजा ओढ्यातल्या डबक्यांसाठी कासावीस होत्या. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून साडेसात हजार. त्यानंतर दक्षिणेने हे राज्य जिंकायचा मोठा प्रयत्न पुन्हा केला नाही.

आपण या युद्धाला ‘यादवी’ म्हणतो तो शब्द केंटकीला फार चपखल बसतो. युद्ध टळावं म्हणून तडजोडीचा प्रस्ताव आणणारे सिनेटर जॉन क्रिटेंडन इथलेच. त्यांचा एक मुलगा उत्तरेचा जनरल झाला, दुसरा दक्षिणेचा.

पण माझ्या मते केंटकीचा खरा वाटा या कोणाचाच नाही. लिंकनचा 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरता होता, म्हणून इथले गुलाम गुलामच राहिले. 1864 मध्ये सैन्यभरती त्यांना खुली झाली, आणि भरती होणारा माणूस मुक्त होत असे. लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला कॅम्प नेल्सन नावाचा मोठा तळ होता. रात्री-अपरात्री शेतं तुडवत माणसं तिथे पोचू लागली. केंटकीतून तेवीस हजारांहून जास्त काळे सैनिक भरती झाले. लुइझियाना सोडल्यास एवढे दुसऱ्या कुठल्याच राज्यातून आले नाहीत.

त्यांच्या मागोमाग बायकामुलंही आली. ती मात्र कायद्याने गुलामच होती. नोव्हेंबर 1864 च्या कडाक्याच्या थंडीत तळावरच्या अधिकाऱ्यांनी अशा सुमारे चारशे जणांना बाहेर काढलं आणि त्यांच्या झोपड्या पाडल्या. त्यातले शंभरहून जास्त लोक मेले. जोसेफ मिलर या सैनिकाने शपथेवर दिलेली हकिगत आजही वाचायला मिळते. त्याचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. याला बाहेर काढलंत तर तो मरेल, असं मिलरने सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. रात्री तो सहा मैल चालत निकोलसव्हिलला गेला. काळ्या लोकांच्या एका जुन्या प्रार्थनाघरात कुटुंब सापडलं, तेव्हा मुलगा गेलेला होता. मिलर तळावर परतला, सकाळी पुन्हा चालत गेला, स्वतःच्या हाताने खड्डा खणला आणि पोराला पुरलं. मी तो कागद पहिल्यांदा वाचला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं.

या हकिगती वर्तमानपत्रांपर्यंत आणि वॉशिंग्टनपर्यंत गेल्या. 3 मार्च 1865 रोजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून काळ्या सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त केलं. केंटकीतली गुलामगिरी आतून खिळखिळी केली ती या भरतीने आणि या कायद्याने. राज्याच्या विधिमंडळाने त्याच फेब्रुवारीत देशभरातली गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती फेटाळली होती आणि तिला मंजुरी द्यायला त्यांना थेट 1976 साल उजाडलं.

मिलर जानेवारीतच वारला. मार्चमध्ये कायदा झाला तोवर त्याची बायको आणि बाकीची मुलंही गेली होती.