आधी शाळा, मग फ्लॅट

टोरांटोजवळून एका आईचं पत्र आलंय. लांबलचक आहे, पण मुद्दा एवढाच: लेक यंदा सातवीत, जन्म तिकडचा, पासपोर्ट कॅनडाचा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) तान्ही असतानाच काढलेलं. सासूबाई नाशिकला एकट्या. यजमानांचं काम अजून अडीच-तीन वर्षं चालेल. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघून ठेवलाय, टोकन तेवढं द्यायचं बाकी. 'तोवर तिची नववी इथे होऊन जाईल, मग थेट दहावीला एखाद्या चांगल्या शाळेत घालू. सीबीएसई बरं की स्टेट बोर्ड? आणि नाशिकमधली मुलींसाठी सगळ्यात चांगली शाळा कुठली?'

ताई, तुमच्या पत्रात मला धडकी भरली ती 'थेट' या शब्दाने.

नववी आणि दहावी हा आपल्याकडे एकच जोड असतो. सीबीएसई आणि आयसीएसई दोन्हीकडे विद्यार्थ्याची बोर्डाकडे नोंदणी नववीत होते आणि दहावीची परीक्षा त्याच नोंदणीवर दिली जाते. परदेशी बोर्डातून मधेच आलेल्या मुलीसाठी शाळेला बोर्डाची परवानगी आणायची, कागद जुळवायचे, पत्रव्यवहार करायचा असं सगळं करावं लागतं. कोण करतंय? स्टेट बोर्डाच्या शाळांचं दुखणं वेगळं. फाटकावर 'सलग अमुक वर्षे दहावीचा निकाल १०० टक्के' असा फलक लावलेला असतो आणि देवनागरी अडखळत वाचणारी मुलगी ऐन दहावीला घेऊन तो फलक धोक्यात घालायची कुणाची तयारी नसते. तोंडावर नाही म्हणणार नाहीत. 'जागा फुल आहेत मॅडम' म्हणतील. मग कुणीतरी कानात सांगेल, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. तो मार्ग कायदेशीर आहे, पण ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी आहे. नव्या देशात आलेल्या, एकही मैत्रीण नसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला वर्षभर घरात बसवून अभ्यास करायला लावणं मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट तिकडे बसून सहसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या राज्य कोट्यातली जागा हवी असेल तर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड कुठलंही चालतं, शाळा महाराष्ट्रातली हवी. लेक आत्ता बारा-तेरा वर्षांची, डॉक्टर व्हायचं की शेफ हे तिलाही ठाऊक नसणार. पण तो दरवाजा आपण आपल्या हाताने का लावून घ्या?

त्याच ओघात ओसीआयचं. शाळाप्रवेशात या कार्डाची अडचण येत नाही. अडतं ते पुढे. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने नीट, जेईईसारख्या परीक्षांपुरतं ओसीआय मुलांना एनआरआय किंवा जादाच्या जागांपुरतंच ठेवलं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की ज्यांच्याकडे त्या तारखेआधीपासून कार्ड आहे त्यांना हे लागू नाही. तुमच्या लेकीचं कार्ड जुनं आहे, म्हणजे ती या जुन्यांत मोडते. पासपोर्ट बदलला, कार्ड नव्याने काढलं, तरी पहिल्या कार्डाची प्रत सोन्याच्या बांगड्यांशेजारी ठेवा. राज्याच्या नियमांत नागरिकत्वाची अट कशी लिहिलेली आहे हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावंच लागेल. ते काम अकरावीत गेल्यावर करा, पण करा.

तेव्हा माझं मत सरळ आहे. यायचं तर आठवीला या, म्हणजे पुढच्या जूनमध्ये. अगदीच नाही जमलं तर २०२७ ला नववीच्या पहिल्या दिवशी. तेही नसेल जमत तर दहावीचं वर्ष तिकडेच पूर्ण होऊ द्या, अकरावीला आणा आणि राज्य कोट्यावर पाणी सोडा. मधलं काही धरू नका. यजमानांचं काम संपत नसेल तर आई-लेक पुढे, बाबा मागून, असं करतातच लोक. आम्ही मस्कतहून तसेच आलो. ते वर्ष सोपं नव्हतं. गॅस संपला तरी मला रडू यायचं.

आमची एक चूक सांगते, तुम्ही करू नका. गल्लीच्या तोंडाशी नवी कोरी इमारत, फाटकावर ठळक अक्षरांत 'सीबीएसई पॅटर्न'. मी 'सीबीएसई' वाचलं, 'पॅटर्न' डोळ्यांआड केलं. आठवीला प्रवेश घेतला, वर्ष छान गेलं. नववीच्या ऑगस्टमध्ये व्हॅनपाशी उभ्या असलेल्या एका आईकडून कळलं की शाळेची संलग्नता आठवीपर्यंतच आहे आणि नववीच्या मुलांची नोंदणी दुसऱ्याच कुठल्या शाळेतून करायचं चाललंय. सप्टेंबरात आम्ही शाळा बदलली. पुन्हा युनिफॉर्म, पुन्हा ओळखी, आणि लेक तीन महिने माझ्याशी मोजकंच बोलायची. सीबीएसईच्या 'सरस' पोर्टलवर शाळेचं नाव टाकलं की संलग्नता कुठल्या इयत्तेपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत आहे ते दोन मिनिटांत दिसतं. ती दोन मिनिटं मी दिली नव्हती.

आता बोर्ड. तुम्ही यावर पत्राची दोन पानं खर्च केलीत, मी थोडक्यात आटोपते. तुम्ही पुन्हा देश बदलण्याची शक्यता असेल तर सीबीएसई. नाशिकलाच मुक्काम ठोकणार असाल तर स्टेट बोर्डाची चांगली इंग्रजी माध्यमाची शाळा काहीच वाईट नाही. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, स्टेटचं जूनच्या मध्यावर. ओंटारिओतली शाळा जूनच्या शेवटी सुटते. म्हणजे स्टेटमध्ये तिचे दोन आठवडे बुडतील, सीबीएसईत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शिकवलेलं सगळं. सेमी इंग्लिशचा मोह टाळा. गणित-विज्ञान इंग्रजीतून असलं तरी इतिहास-भूगोल मराठीतून लिहायचा असतो, आणि आजीशी फोनवर बोलण्याच्या मराठीवर 'वसाहतवाद' पेलत नाही.

मराठी मात्र कुठल्याच बोर्डात टळणार नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, ती सक्तीची केली आहे. स्टेट बोर्डाच्या इंग्रजी माध्यमात मराठीला आठवीपर्यंत 'सुलभभारती' असते, नववी-दहावीला 'अक्षरभारती'. ई-बालभारतीवरून पीडीएफ फुकट उतरवता येते. आठवीची नको, पाचवीची उतरवा, आणि रोज संध्याकाळी एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, आजीलाच व्हिडिओवर बसवा. वाचन लवकर येतं. अडतं ते हाताशी. तिकडे मुलं टाइप करतात. इथे भाषेचा पेपर तीन तास पेनाने लिहायचा. माझी लेक पहिल्या सहामाहीत पेपर अर्धा सोडून आली. येत नव्हतं म्हणून नव्हे, अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला म्हणून. घरी आल्यावर तिने मूठ उघडून दाखवली तेव्हा मधल्या बोटावर पेनाचा खड्डा पडला होता, नखाजवळ, लालभडक. आम्ही रोज पंधरा मिनिटं शुद्धलेखनाला बसवायला लागलो, तिसरीतल्या मुलासारखं. कॅल्क्युलेटरही आत्ताच काढून घ्या. इथे दहावीपर्यंत तो परीक्षेत चालत नाही, आणि स्टेट बोर्डात नववीपासून बीजगणित वेगळं, भूमिती वेगळी, सिद्धता पायरी-पायरीने लिहायची.

सगळ्यात चांगली शाळा कुठली, याचं उत्तर मी देत नाही, आणि देणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. मराठा विद्या प्रसारक समाज, म्हणजे मविप्र, १९१४ पासून आहे, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ पासून. या जुन्या संस्थांच्या शाळा गावभर पसरल्यात, आणि एकाच संस्थेच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. फक्त मुलींची हवी तर सारडा कन्या विद्यामंदिरासारख्या शाळा आहेत. वसतिगृह आणि आयसीएसई हवं तर देवळालीला १९२५ ची बार्न्स आहे. देवळालीच्या बाजूच्या शाळांचं एक मला आवडतं. तोफखान्यामुळे तिथे लष्करी घरांतली मुलं भरपूर, दर दोन-तीन वर्षांनी बदली होणारी. वर्गात नवी मुलगी आली की कुणी वळून बघत नाही.

आणि आता तुमचा पाथर्डी फाटा. टोकन देऊ नका! तुमच्या मनातल्या शाळा सगळ्या गंगापूर रोडला आणि फ्लॅट शहराच्या दुसऱ्या टोकाला. व्हॅन घरोघर मुलं गोळा करत जाणार, त्यात सकाळची अंबडकडे जाणारी गर्दी, त्यात मुंबई नाका. शिवाय सिंहस्थ तोंडावर आहे, रस्ते उकरलेले आहेत, आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमकी ती नववीत असताना. पर्वणीच्या आसपास नाशिककर स्वतःच्या गल्लीबाहेर पडायचा विचारही दहादा करतो.

शाळा आधी ठरवा. मग तिच्याभोवती सायकलच्या अंतरात भाड्याने घर बघा, अकरा महिन्यांच्या करारावर. सायकलचा आग्रह का, तर तेराव्या वर्षी आलेल्या मुलीला मैत्री वर्गात मिळत नाही, वर्गात बाई शिकवत असतात. ती मिळते शाळा सुटल्यावर, एकीची चेन पडलेली असताना बाकीच्या तिघी थांबतात तेव्हा, कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्यापाशी. व्हॅनमध्ये बसून इंदिरानगर ओलांडून जाणाऱ्या मुलीला हे काही मिळत नाही. आमच्या लेकीला पहिली मैत्रीण सायकलस्टँडवर मिळाली. हिची सायकल खाली पडलेल्या दहा सायकलींच्या तळाशी अडकली होती आणि ती दुसरी एकेक उचलत होती. दोघी आज एकाच हॉस्टेलला आहेत.

(घर भाड्याने बघताना कॅनडा कॉर्नरची चौकशी जरूर करा. तिथून बऱ्याच शाळा जवळ पडतात, आणि 'आम्ही कॅनडाहून कॅनडा कॉर्नरला आलो' हा विनोद तुम्हाला वर्षभर पुरेल. फक्त ती बाजू क्लासेसची आहे. आठवीतच 'इंटिग्रेटेड फाउंडेशन'वाले गाठतील. शाळेत नुसतं नाव आणि दिवसभर क्लास, असल्या व्यवस्थेला हात जोडून नाही म्हणा.)

बघायला याल ते या नाताळच्या सुट्टीत या, मार्च ब्रेकमध्ये नको. मार्चमध्ये शाळा परीक्षा केंद्रं झालेल्या असतात, कुणी दारातही उभं करत नाही. डिसेंबरात गॅदरिंगचे दिवस. स्टेजवर तीच चार मुलं दिसतात की मागच्या बाकावरच्याही, हे तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या कळेल. मुख्याध्यापकांचं दालन सगळीकडे सारखंच असतं, ट्रॉफ्या आणि प्लॅस्टिकची फुलं. तुम्ही मुलींच्या स्वच्छतागृहात जा. कडी आतून लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. शाळेतल्या मावशींना विचारा, मुलीला पाळी आली तर ती कुणाकडे जाते. मावशी पटकन 'माझ्याकडंच येत्यात की' म्हणाल्या तर शाळा निम्मी पास. ऑफिसात मुलींच्या सुरक्षिततेसाठीची 'सखी सावित्री समिती' कोण बघतं ते विचारा. २०२२ पासून प्रत्येक शाळेत ती असायला हवी. नाव सांगताना क्लार्क फाईल शोधायला लागला तर समिती फाईलमध्येच आहे असं समजा. आणि लेकीला एक दिवस वर्गात बसू द्यायची विनंती करा. बऱ्याच शाळा देतात.

पैशांचं: डॉलरचा उल्लेख टाळा. देणगीची सक्ती १९८७ च्या कायद्यानेच बेकायदा आहे आणि फी ठरवताना पालकांची समिती असावी लागते. 'बिल्डिंग फंड' हा शब्द निघाला तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

कागद तिकडूनच करून आणा. आपल्यासारखा 'शाळा सोडल्याचा दाखला' तिकडे मिळत नाही, तेव्हा शाळेच्या लेटरहेडवर तिची इयत्ता, तारखा आणि उत्तीर्ण झाल्याचा मजकूर लिहून घ्या, दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं जोडा. कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात आहे (एका देशाने शिक्का मारलेला कागद दुसऱ्याने मानायचा, असा करार), त्यामुळे आता वकिलातीचे हेलपाटे नाहीत, ओंटारिओतच शिक्का मिळतो. आधारसाठी मात्र ओसीआयवाल्यांना आधी १८२ दिवस इथे राहावं लागतं. हे शाळेला पहिल्याच दिवशी लेखी कळवा, म्हणजे दर सोमवारी आधार नंबर मागायला चिठ्ठी येणार नाही. आणि जनरल रजिस्टरात नाव चढवताना स्वतः समोर उभ्या राहा. आडनाव आधी की नाव, मधे वडिलांचं नाव घ्यायचं की नाही, स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना. पुढे बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तेच उतरतं आणि एक अक्षर बदलायला वर्ष जातं.

तिकिटं काढण्याआधी लेकीशी मात्र एकदा नीट बोला. मोबाईल शाळेत चालणार नाही, केस मोकळे सोडता येणार नाहीत, बऱ्याच शाळांत दोन वेण्या आणि रिबिनी. माझी लेक इतर सगळ्याला तयार झाली होती, रिबिनींवरून दोन दिवस जेवली नाही.