भिंत न घालता स्वयंपाकघर आणि बैठक वेगळी करताना

फर्निचर विकत घेण्याआधी जमिनीवर कागदी चिकटपट्टीने प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आखून घ्या आणि चार-पाच दिवस त्या रेषा न ओलांडता घरात वावरून पाहा. नकाशावर प्रशस्त भासणारी वाट हातात गरम पातेले असताना किती अरुंद ठरते, ते पहिल्याच दिवशी लक्षात येईल. ये-जा करण्यासाठी सुमारे ९० सेंटिमीटर वाट मोकळी ठेवावी. ओटा आणि त्यासमोरचे टेबल यांमध्ये मात्र १०० ते १२० सेंटिमीटर अंतर हवे, कारण ओव्हनचे दार उघडले की त्यातली निम्मी जागा तेच अडवते.

विभागणीसाठी सोफ्याची पाठ ओट्याकडे करणे हा मला सर्वांत सोपा उपाय वाटतो. दोन्ही बाजूंनी उघडे असलेले कमरेएवढे कपाटही चालते, मात्र त्याला चाके लावणार असाल तर ती ब्रेक असलेलीच घ्या. माझ्या पहिल्या कपाटाला ब्रेक नव्हता आणि भाजी चिरताना ते हळूहळू बैठकीकडे सरकत असे. छतापर्यंत जाणारे पार्टिशन टाळावे, कारण त्याने उजेड अडतो.

दिव्यांची बटणे वेगवेगळी ठेवा. ओट्यावर ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाची रंगछटा मोजण्याचे एकक) स्वच्छ प्रकाश आणि बैठकीत २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश असला, की रात्री ओट्यावरचा दिवा मालवताच तिथला पसारा नजरेआड होतो. वास आणि आवाज मात्र कोणत्याही मांडणीने अडत नाहीत. त्यासाठी धूर बाहेर सोडणारी, कमी आवाजाची चिमणीच बसवावी लागते.